संगणकाच्या कॅबिनेटमधील वातप्रवाह : एका दुर्लक्षित रचनेचा इतिहास (१९४६ ते २०२५)

बीजसंज्ञा : संगणकाचा इतिहास, कॅबिनेट, वायुवीजन, एटीएक्स, बीटीएक्स, संगणक प्रयोगशाळा

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास सामान्यतः वेगाचा आणि स्मृतीचा इतिहास म्हणून लिहिला जातो. निर्वात नळ्या, ट्रान्झिस्टर, एकात्मिक मंडले आणि मायक्रोप्रोसेसर ही पिढ्यांची मांडणी पाठ्यपुस्तकांतून सर्वपरिचित आहे. ही साधने ज्या पेटीत बसविली जातात आणि व्यवहारात जिला 'कॅबिनेट' म्हटले जाते, तिचा विचार मात्र या मांडणीत क्वचितच आढळतो. महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेसाठी दरपत्रके मागविताना प्रोसेसर, स्मृती आणि हार्ड डिस्क यांचे तपशील काटेकोरपणे नमूद होतात. कॅबिनेटपुढे बहुधा 'एटीएक्स' एवढाच शब्द लिहिलेला असतो.

हा शब्द १९९५ सालचा आहे आणि त्यामागे वातप्रवाहाविषयीची एक विशिष्ट कल्पना होती, जी पुढे टिकली नाही. कॅबिनेटची रचना ही उष्णता, आवाज, सौंदर्यदृष्टी आणि खर्च यांच्यातील तडजोड असते. या तडजोडीत हवेचा मार्ग पुनःपुन्हा मागे पडला आणि उष्णतेने भाग पाडले तेव्हाच तो पुढे आला. हा क्रम ऐतिहासिक टप्प्यांतून तपासणे आणि उष्ण हवामानातील शैक्षणिक संस्थांसाठी त्यातून निघणारे निकष मांडणे, हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

उष्णता आणि हवा यांचे गणित

संगणकाला पुरविलेली जवळजवळ सर्व विद्युत ऊर्जा अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते. ही उष्णता धातूच्या पंखधारी ठोकळ्यातून, म्हणजे हीटसिंकमधून, हवेत जाते आणि ती हवा कॅबिनेटबाहेर पडल्याशिवाय शीतनाचे कार्य पूर्ण होत नाही. प्रोसेसरवरील पंखा उष्णता प्रोसेसरपासून दूर नेतो, परंतु कॅबिनेटच्या बाहेर नेत नाही. कोंडलेल्या पेटीत तोच पंखा तीच तापलेली हवा पुनःपुन्हा फिरवीत राहतो.

एक घनमीटर हवेचे तापमान एका अंशाने वाढविण्यास स्थूलमानाने १२०० ज्यूल उष्णता लागते. आत येणारी आणि बाहेर पडणारी हवा यांच्या तापमानातील फरक १० अंशांपर्यंत ठेवायचा असेल, तर ६० वॅटच्या यंत्राला दर मिनिटाला सुमारे ०.३ घनमीटर हवा पुरते. ३०० वॅटसाठी दीड घनमीटर, तर ८०० वॅटसाठी चार घनमीटर हवा लागते. हे आकडे पंख्याच्या खोक्यावरील आकड्यांशी थेट ताडून पाहणे योग्य ठरत नाही. उत्पादक जो वातप्रवाह नमूद करतात तो मोकळ्या हवेतील असतो. जाळी, धूळगाळणी, केबलींचा गुंता आणि अरुंद फटी यांचा विरोध आला की प्रत्यक्ष प्रवाह कमी होतो. म्हणून हवेच्या मार्गातील सर्वांत अरुंद जागा कोणती, हा प्रश्न पंखे किती आहेत या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे.

गरम हवा वर जाते, हे तत्त्व या संदर्भात वारंवार सांगितले जाते. ते खरे असले तरी त्याचे बळ अल्प आहे. अर्धा मीटर उंचीच्या पेटीत १० अंशांच्या फरकाने निर्माण होणारा दाब सुमारे ०.२ पास्कल भरतो. याउलट १२० मिलिमीटर व्यासाचा साधा पंखा १० ते २० पास्कलपर्यंत कमाल दाब निर्माण करू शकतो. अर्थात जेथे पंखा आहे तेथे हवेची दिशा पंखा ठरवितो, आणि जेथे पंखा नाही तेथे हवेचा मार्ग अत्यंत मोकळा असावा लागतो.

खोली हेच कॅबिनेट

फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात उभारलेला एनियाक हा संगणक १९४६ मध्ये जगासमोर आला. त्यात सुमारे १८ हजार निर्वात नळ्या होत्या आणि त्याला सुमारे १५० किलोवॅट वीज लागत असे. एवढी उष्णता नैसर्गिक वायुवीजनाने निघून जाणे शक्य नव्हते; त्यामुळे यांत्रिक झोताने हवा खेळविण्याची योजना या यंत्राचा अविभाज्य भाग होती. शीतन हा नंतर सुचलेला विचार नसून आराखड्याचाच घटक आहे, ही जाणीव संगणकाच्या आरंभापासून होती, असे यावरून म्हणता येते.

भारतात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विकसित झालेला संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला आणि १९६२ मध्ये त्यास 'टिफ्रॅक' हे नाव मिळाले. त्यात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या. अशा यंत्रांच्या बाबतीत यंत्राची पेटी आणि ती ज्या खोलीत आहे ती खोली, असा भेद करणे अवघड होते. पुढे महासंगणकांच्या क्षेत्रात हवेऐवजी द्रवाचा आश्रय घेतला गेला. १९७६ चा क्रे-१ फ्रिऑनच्या साहाय्याने थंड ठेवला जात असे, तर १९८५ च्या क्रे-२ मध्ये विद्युत मंडले प्रत्यक्ष एका निष्क्रिय द्रवात बुडविलेली होती.

या काळात उष्णतेची जबाबदारी यंत्र बनविणाऱ्यावर आणि ते चालविणाऱ्या संस्थेवर होती. वैयक्तिक संगणक आला तेव्हा यंत्र टेबलावर आले, आणि खोलीने पार पाडलेले काम एका लहान पेटीवर येऊन पडले.

पंखा नाकारण्याचा प्रयोग

१९७७ मध्ये आलेल्या ॲपल-२ या संगणकात पंखा नव्हता. रॉड होल्ट यांनी त्यासाठी कमी उष्णता निर्माण करणारा स्विचिंग प्रकारचा वीजपुरवठा तयार केला आणि जेरी मॅनॉक यांनी आखलेल्या प्लॅस्टिकच्या आवरणाला हवेसाठी फटी ठेवल्या. मूळ यंत्रापुरती ही योजना पुरेशी होती. परंतु या संगणकाचे बलस्थान त्याच्या विस्तार-खाचांत होते. ग्राहक जसजशी अधिक कार्डे बसवू लागले तसतशी आतील उष्णता वाढली आणि बाजूला लावायचा स्वतंत्र पंखा बाजारात विकला जाऊ लागला. आराखड्यातून वगळलेला पंखा ग्राहकाने वेगळे पैसे मोजून परत आणला, असा याचा अर्थ होतो.

१९८० च्या ॲपल-३ मध्ये हाच आग्रह अधिक दूर नेला गेला. स्टीव्ह जॉब्स यांना पंख्याचा आवाज मान्य नव्हता. म्हणून अॅल्युमिनियमच्या जड तळपट्टीनेच उष्णता शोषून बाहेर टाकावी, अशी रचना करण्यात आली. प्रत्यक्षात चिप आपल्या खोबणीतून सैल होण्याच्या तक्रारी आल्या. यंत्र काही इंच वर उचलून टेबलावर आपटावे, म्हणजे चिप पुन्हा बसतील, असा सल्ला ग्राहकांना देण्यात आल्याची नोंद संगणकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. सुरुवातीची सुमारे १४ हजार यंत्रे बदलून द्यावी लागली आणि १९८४ मध्ये हे उत्पादन बंद झाले. या अपयशात सदोष जोडण्या व मंडलफलकाची दाट मांडणी यांचाही वाटा होता. केवळ उष्णतेला दोष देणे इतिहासाला धरून होणार नाही. तथापि हवेचा मार्ग बंद केल्यावर इतर सर्व दोषांना उष्णतेची साथ मिळते, एवढे त्यावरून स्पष्ट होते.

१९८४ च्या पहिल्या मॅकिन्टॉशमध्येही पंखा नव्हता. १९८७ च्या मॅकिन्टॉश एसईमध्ये तो आला. २००० साली आलेल्या जी-४ क्यूबमध्ये मधोमध उभा मोकळा मार्ग ठेवून खालून हवा आत घेण्याची व वरून बाहेर सोडण्याची योजना होती. पंख्याविना शीतन शक्य आहे, मात्र त्यासाठी संपूर्ण रचना हवेभोवती उभी करावी लागते, हे या उदाहरणातून दिसते.

एसएमपीएसमधील एकच पंखा

ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीने वेगळा मार्ग स्वीकारला. त्याच्या वीजपुरवठ्याची, म्हणजे एसएमपीएसची, क्षमता ६३.५ वॅट होती आणि त्यातील पंखा कॅबिनेटमधील हवा ओढून मागील बाजूने बाहेर टाकीत असे. १९८३ च्या एक्सटीमध्ये ही क्षमता १३० वॅट, तर १९८४ च्या एटीमध्ये १९२ वॅट झाली. प्रोसेसरला स्वतःचा पंखा सोडाच, हीटसिंकही नव्हता. एका पंख्याने वीजपुरवठा आणि उर्वरित यंत्र या दोहोंची सोय होत असे.

या यंत्राची नक्कल करून जगभर जे संगणक बनले, त्यांच्याबरोबर ही योजनाही पसरली. तिच्यातील एक बारकावा मात्र हरवला. पंखा हवा ओढतो तेव्हा ती जवळच्या फटीतून प्रथम येते. विस्तार-खाचेवरील पत्र्याची पट्टी काढून टाकली की हवा तेथूनच आत शिरून लगेच बाहेर पडते आणि पुढील भागातील डिस्क व कार्डे तशीच तापत राहतात. उघडी भोके म्हणजे अधिक वारा, हा समज या ठिकाणी फसवा ठरतो.

१९९३ मध्ये आलेल्या पेंटियम प्रोसेसरच्या ६६ मेगाहर्ट्झ आवृत्तीची कमाल उष्णता सुमारे १६ वॅट होती. आजच्या मानाने हा आकडा किरकोळ वाटला तरी हीटसिंक व त्यावरील पंखा यांची गरज याच काळात सार्वत्रिक झाली.

एटीएक्स : एक फसलेले गृहीतक

इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स हा आराखडा जाहीर केला. त्यात प्रोसेसर एसएमपीएसच्या जवळ आणला गेला. एसएमपीएसच्या पंख्याने बाहेरील हवा आत ढकलून ती थेट प्रोसेसरवर सोडावी, म्हणजे प्रोसेसरला वेगळा पंखा लागणार नाही, खर्च वाचेल आणि आवाजही कमी होईल, अशी मूळ कल्पना होती.

कल्पना तर्कशुद्ध असली तरी एसएमपीएस स्वतःच तापतो. त्यातून आलेली हवा प्रोसेसरपर्यंत पोहोचण्यापूर्वीच गरम झालेली असे. प्रोसेसरची उष्णता वाढत गेली तशी ही उणीव उघडी पडली. पुढे पंख्याची दिशा उलटली आणि एसएमपीएस पूर्वीप्रमाणे हवा बाहेर टाकू लागला. प्रोसेसरची जागा मात्र तीच राहिली. ज्या कारणासाठी ती निवडली होती ते कारण संपले, परंतु मदरबोर्डच्या भोकांची मापे, कॅबिनेटचे साचे आणि बाजारातील सुटे भाग त्या जागेभोवती स्थिरावले होते. मानकाचे कारण विसरले जाते आणि मानक उरते, याचे हे बोलके उदाहरण होय.

३८ अंशांचा निकष

२००१ मध्ये इंटेलचे पॅट्रिक गेल्सिंगर यांनी एका आंतरराष्ट्रीय परिषदेत असा इशारा दिला की, चिपच्या दर चौरस सेंटिमीटरमागील उष्णता याच गतीने वाढत राहिली तर ती अणुभट्टीच्या पातळीला जाऊन पोहोचेल. पुढील तीन वर्षांत हा धोका प्रत्यक्ष बाजारात दिसू लागला. फेब्रुवारी २००४ मध्ये आलेल्या 'प्रेस्कॉट' या पेंटियम-४ च्या पिढीत उष्णतेची नियोजित मर्यादा ११५ वॅटपर्यंत गेली.

या काळात इंटेलने कॅबिनेट उत्पादकांसाठी मार्गदर्शक निकष आखले. खोलीचे तापमान ३५ अंश असताना प्रोसेसरच्या पंख्यात शिरणारी हवा ३८ अंशांपेक्षा अधिक गरम असू नये, हा त्यांचा गाभा होता. म्हणजे कॅबिनेटला हवेत केवळ तीन अंशांची भर घालण्याची मुभा होती. त्यासाठी बाजूच्या पत्र्याला भोक पाडून तेथून प्रोसेसरपर्यंत एक प्लॅस्टिकचे नळकांडे आणले गेले. बाहेरील थंड हवा थेट हवी तेथे पोहोचविणारा हा उपाय साधा आणि परिणामकारक होता. त्या दशकातील कॅबिनेटांच्या बाजूवर दिसणारी गोल जाळी ही शोभा नसून या निकषाची खूण होती.

बीटीएक्सचा उदय आणि अस्त

२००३ मध्ये इंटेलने एटीएक्सच्या जागी बीटीएक्स हा आराखडा पुढे केला. त्यात प्रोसेसर कॅबिनेटच्या पुढील भागात आणला गेला. समोरचा मोठा पंखा ताजी हवा प्रथम प्रोसेसरवर, नंतर त्याच रेषेत असलेल्या इतर चिपवर आणि ग्राफिक्स कार्डावर सोडून मागून बाहेर काढीत असे. वातप्रवाह हाच ज्याचा पाया आहे असा हा डेस्कटॉप संगणकाचा पहिला व्यापक आराखडा म्हणता येईल. काही मोठ्या उत्पादकांनी तो स्वीकारलाही.

तरीही २००६ मध्ये इंटेलने त्याचा विकास थांबविला. मे २००४ मध्येच प्रेस्कॉटचा नियोजित वारस रद्द करण्यात आला होता आणि जुलै २००६ मध्ये आलेल्या कोअर-२ प्रोसेसरांपैकी बहुतेकांची उष्णता ६५ वॅटच्या मर्यादेत राहिली. ज्या संकटासाठी बीटीएक्स आला ते संकट चिपच्या रचनेनेच दूर केले. शिवाय कॅबिनेट, मदरबोर्ड आणि शीतनसाधने एकाच वेळी बदलण्याचा खर्च सुट्या भागांच्या बाजाराला परवडणारा नव्हता. अधिक चांगली रचना हरली आणि जुनी टिकली. कारण स्पर्धा रचनांच्या गुणवत्तेची नव्हती, तर गरजेच्या निकडीची होती.

काच आणि जाळी

एटीएक्सच्या चौकटीत राहूनही सुधारणा झाल्या. २००५ च्या अँटेक पी-१८० मध्ये एसएमपीएस तळाशी वेगळ्या कप्प्यात नेण्यात आला आणि त्याची उष्णता मुख्य भागापासून तोडण्यात आली. एसएमपीएस तळाशी बसविण्याची पद्धत पुढे सर्वमान्य झाली. पंखेही ८० मिलिमीटरवरून १२० व १४० मिलिमीटरपर्यंत मोठे झाले. मोठा पंखा कमी वेगात तेवढीच हवा हलवितो, त्यामुळे आवाज कमी होतो.

त्यानंतरच्या दशकात पुन्हा सौंदर्यदृष्टीने बाजी मारली. २०१६ च्या सुमारास काचेची तावदाने लोकप्रिय झाली. अनेक कॅबिनेटांची समोरची बाजू काचेने बंद झाली, तिच्यामागे रंगीत दिव्यांचे तीन पंखे बसले आणि त्यांना हवा मात्र कडेच्या अरुंद फटीतून घ्यावी लागली. याची प्रतिक्रिया म्हणून २०१७ च्या फ्रॅक्टल डिझाइन मेशिफाय-सी सारख्या कॅबिनेटांत समोर उघडी जाळी परतली आणि 'एअरफ्लो' हा शब्द विक्रीच्या नावांत दिसू लागला. त्याच वर्षी ॲपलनेही २०१३ च्या दंडगोलाकार मॅक प्रोची शीतनरचना त्या यंत्राच्या पुढील विकासाला अडसर ठरल्याचे मान्य केले.

दरम्यान उष्णतेचे केंद्र सरकले होते. २०२२ च्या कोअर आय-९ १३९००के प्रोसेसरची कमाल मर्यादा २५३ वॅट होती, तर २०२५ च्या आरटीएक्स ५०९० या ग्राफिक्स कार्डाची ५७५ वॅट. प्रोसेसर हाच प्रमुख उष्णतास्रोत मानणाऱ्या १९९५ च्या आराखड्यात आज त्याहून दुप्पट तापणारे कार्ड आडवे टांगलेले असते. अशा यंत्रात तळातून किंवा समोरून कार्डाकडे थेट हवा येते की नाही, हा प्रश्न निर्णायक ठरतो.

महाराष्ट्रातील प्रयोगशाळांच्या संदर्भात

२००१ मध्ये एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाल्यानंतर महाराष्ट्रात संगणक तालुक्याच्या गावापर्यंत वेगाने पोहोचला. तेथील खोल्या बहुधा वातानुकूलित नव्हत्या. वर उल्लेखिलेल्या निकषात खोलीचे कमाल तापमान ३५ अंश धरले होते. विदर्भात मे महिन्यात बाहेरचे तापमान ४२-४३ अंशांच्या घरात असते आणि काही दिवस ते ४५ च्या पुढे जाते. पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरील खोलीत ३५ अंशांची मर्यादा दुपारपूर्वीच ओलांडली जाते. कॅबिनेट कितीही चांगले असले तरी आतील हवा खोलीतील हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. खोली पाच अंशांनी अधिक तापली, तर आतील प्रत्येक घटक स्थूलमानाने तेवढाच अधिक तापतो. भारनियमनाच्या काळात संगणक यूपीएसवर चालू आणि छताचा पंखा बंद, ही स्थितीही अनेक ठिकाणी असे.

याच्या परिणामाचे स्वरूप लक्षात घेणे आवश्यक आहे. कपॅसिटरच्या बाबतीत तापमान १० अंशांनी वाढल्यास आयुष्य निम्मे होते, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. प्रोसेसरची हानी सहसा होत नाही. पेंटियम-४ पासून प्रोसेसर अतितापल्यावर आपला वेग आपणच कमी करतो. त्यामुळे यंत्र बंद पडत नाही, केवळ संथ होते. संस्थेने ज्या वेगासाठी पैसे मोजले तो उन्हाळ्यात मिळत नाही आणि त्याची तक्रारही नोंदली जात नाही, कारण दोष दिसतच नाही.

यात मांडणीची भर पडते. संगणकाच्या लाकडी टेबलातील बंद कप्प्यात ठेवलेले कॅबिनेट स्वतःच सोडलेली हवा पुन्हा आत घेते. धूळ हा दुसरा घटक आहे. बाहेर हवा टाकणारे पंखे अधिक असतील, तर हवा प्रत्येक फटीतून धुळीसह आत ओढली जाते. गाळणीमागे बसविलेले आत घेणारे पंखे किंचित अधिक प्रभावी असतील, तर धूळ मुख्यतः गाळणीवर अडते. अर्थात ती गाळणी सहज निघणारी असावी आणि ती नियमित धुतली जावी. न धुतलेली गाळणी आणि बंद काच यांत फारसा फरक उरत नाही.

निष्कर्ष

या विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, कॅबिनेटच्या इतिहासात सरळ रेषेतील प्रगती दिसत नाही. ॲपल-३ मधील आवाजाचा तिटकारा, मूळ एटीएक्समधील काटकसर आणि काचेच्या कॅबिनेटमधील सौंदर्यदृष्टी या तिन्ही वेळी हवेचा मार्ग गौण ठरला, आणि पंख्याची दिशा उलटून किंवा जाळी परत आणून तो दुरुस्त करावा लागला. दुसरा, प्रचलित मानक म्हणजे सर्वोत्तम रचना नव्हे. 'एटीएक्स' हा शब्द सुट्या भागांच्या मापांची हमी देतो, शीतनाची नाही. तिसरा, मानकामागील तापमानाचे गृहीतक खरेदीदाराच्या खोलीशी जुळतेच असे नाही.

म्हणून शैक्षणिक संस्थांनी खरेदीच्या विवरणात कॅबिनेटविषयी किमान चार बाबी नमूद करणे इष्ट ठरेल : समोरची बाजू उघड्या जाळीची असावी, समोरून आत व मागून बाहेर असा सरळ मार्ग असावा आणि त्या दोन्ही ठिकाणी १२० मिलिमीटरचा निदान एक पंखा असावा, धूळगाळणी हत्याराविना काढता यावी, आणि ग्राफिक्स कार्ड असल्यास त्याच्या पंख्यांपुढे मोकळी जागा असावी. बंद कप्प्याचे टेबल टाळणे आणि भिंतीपासून वीतभर अंतर राखणे यांस तर खर्चही येत नाही. एनियाकच्या रचनाकारांनी हवेची व्यवस्था यंत्राबरोबरच आखली होती. कॅबिनेट कोणते घ्यावे आणि ते कोठे ठेवावे, हे ठरविण्याचा अधिकार आज खरेदीदाराकडे आला असल्याने ती जबाबदारीही खरेदीच्या विवरणातच पार पाडावी लागेल.